एक बोल्ट, दोन वॉशर

अर्धा इंची पाइप पट्टी लावून मोजला तर तो कुठेच अर्धा इंच भरत नाही. नळजोडणीत पिढ्यानपिढ्या वापरला गेलेला, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घ्या. सगळे त्याला अर्धा इंची म्हणतात, पण त्याचा बाहेरचा व्यास असतो २१.३ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहूनही जास्त. गिझरच्या गरम पाण्यासाठी हल्ली बसवतात तो पिवळट सीपीव्हीसी पाइपही अर्धा इंचीच, पण त्याचा बाहेरचा व्यास १५.९ मिलिमीटर. नाव एक, मापं दोन, आणि एकाचा एल्बो दुसऱ्याला बसत नाही. शेतावर गेलं की हिशेब आणखी बदलतो. शेतकरी ज्याला दोन इंची म्हणतो त्या पाइपावर ६३ मिलिमीटर छापलेलं असतं, अडीच इंचीवर ७५ आणि तीन इंचीवर ९०.

नळ गळायला लागलेल्या घरातल्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं, आणि ठाऊक असण्याची गरजही आजवर पडलेली नाही. कारण ते ठाऊक असलेला एक माणूस जवळच्याच चौकात, दहा बाय पंधराच्या गाळ्यात काउंटरमागे उभा असतो. त्याच्या डोक्यावर नायलॉनच्या दोऱ्यांची भेंडोळी आणि बादल्या टांगलेल्या, मागे छतापर्यंत खोकी, आणि प्रत्येक खोक्याच्या दर्शनी बाजूला आतल्या मालाचा एक नग तारेने बांधलेला. कुठे बिजागरी, कुठे कडी-कोयंडा, कुठे कपाटाची मूठ. आत वाकून पोटमाळ्यावर चढणारा एक पोऱ्या. ग्रीस, टर्पेंटाइन आणि काथ्या यांचा एकत्र वास. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात गेलं तरी हार्डवेअरच्या दुकानाचं हे रूप फारसं बदलत नाही.

या दुकानाची खरी ओढ मात्र मालाची नसते. माल कुठेही मिळतो. इथे आधी प्रश्न मिळतात.

“काका, अर्धा इंची एल्बो द्या.”

“कुठे लावायचाय? पाइप पांढरा आहे, पिवळट आहे, की लोखंडी?”

“ते नाही बघितलं.”

“गिझरची लाइन आहे का?”

“हो.”

“मग सीपीव्हीसी. पुढे नळ बसणार असेल तर आतून पितळी आट्याचा न्या, साधा नको. सोल्युशन आहे घरी?”

“मागच्या वेळची डबी आहे.”

“पांढऱ्या पाइपची असेल तर ती चालणार नाही.”

अर्ध्या मिनिटाचं हे बोलणं. पण त्यात रसायनशास्त्र आहे आणि पैसाही आहे. साधा पीव्हीसी साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, सीपीव्हीसी नव्वद अंशांपर्यंत तग धरतो. दोघांना चिकटवणारी सोल्युशनंही वेगळी असतात. चुकीचा तुकडा भिंतीत गेला, वरून टाइल बसली आणि सहा महिन्यांनी ओल दिसू लागली, तर काही रुपयांच्या एल्बोपायी न्हाणीघराची भिंत फोडावी लागते. दुकानदार हे सगळं समजावत बसत नाही. तो फक्त विचारतो.

छताच्या पंख्याचंही तेच. पंखा मंद फिरतो म्हणून माणूस नव्या पंख्याची किंमत विचारायला येतो. दुकानदार विचारतो, “हाताने ढकलला तर फिरतो का?” फिरत असेल तर बहुतेक वेळा दोष कपॅसिटरचा असतो. अडीच मायक्रोफॅरडचा, काड्यापेटीएवढा एक तुकडा बदलला की पंखा पुन्हा पूर्वीसारखा फिरतो. नवा पंखा विकण्याची संधी समोर चालून आलेली असताना कपॅसिटर विकणारा दुकानदार गल्लीत पंचवीस-तीस वर्षं टिकतो, कारण त्या घरातला पुढचा माणूसही त्याच्याकडेच येतो. हा धंदा ओळखीवर चालतो आणि ओळख अशाच लहान नफ्यांतून होते.

गळक्या नळाकडे बघा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. थेंबाच्या आकारानुसार ते काही लिटरपासून बादलीभरापर्यंत जातं. जुन्या पद्धतीच्या नळात याचं कारण असतं आतला झिजलेला रबरी वॉशर, ज्याला बहुतेक मिस्त्री ‘वायसर’ म्हणतात. तो सुटा मिळतो, दोन-चार रुपयांत मिळतो, आणि मुख्य म्हणजे एकच मिळतो. शंभराचं पाकीट घ्या असं कुणी म्हणत नाही.

मापांचा घोळ मात्र जरा निवांत समजून घेण्यासारखा आहे, कारण या दुकानाचं सगळं ज्ञान त्यात गुंतलेलं आहे. मेट्रिक वजनमापांचा कायदा देशात १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती मापं टप्प्याटप्प्याने लागू झाली. किलो आणि लिटर लवकर रुळले. इंच मात्र लोखंडात आणि लाकडात घट्ट बसून राहिला. बांधकामावरचा मिस्त्री आजही सळई सुतांत मागतो. एका इंचाची आठ सूतं. त्यामुळे दहा मिलिमीटरची सळई तीन सुती, बारा मिलिमीटरची चार सुती, सोळाची पाच सुती. दुकानदार कागदावर मिलिमीटर लिहितो, तोंडाने सूत बोलतो, आणि वजन करण्याआधीच किलो सांगतो. त्यासाठी एक सोपं सूत्र आहे: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं, की मीटरला किती किलो ते मिळतं. बारा मिलिमीटरच्या सळईसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम. बारा मीटर लांबीची अख्खी सळई साधारण १०.६७ किलो. ज्यांचं शिक्षण सातवी-आठवीत थांबलं अशी माणसंही हा हिशेब उभ्या उभ्या करतात.

पत्र्याच्या आणि तारेच्या गेजचं गणित उलटं चालतं. आकडा वाढला की जाडी घटते. १८ गेजची जाडी १.२ मिलिमीटर, २४ गेजची जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक. नवखा माणूस मजबूत पत्रा हवा म्हणून मोठा आकडा मागतो. चांगला दुकानदार त्याला तिथेच अडवतो.

आणि मग आटे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांसाठी पहिलं सर्वमान्य माप सुचवलं. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. नंतर आलेल्या मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा. अर्ध्या इंची व्हिटवर्थ बोल्टाची जाडी १२.७ मिलिमीटर आणि इंचाला १२ आटे. त्याच्या शेजारी ठेवलेला मेट्रिक एम-१२ बोल्ट १२ मिलिमीटर जाड, आणि दोन आट्यांमधलं अंतर पावणेदोन मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच. अर्ध्या इंची नटात एम-१२ बोल्ट शिरतोसुद्धा, पण ताकद लावली की निसटतो. जुन्या शिलाई यंत्राच्या, इंग्रजी बनावटीच्या लेथच्या किंवा आजोबांच्या काळातल्या लोखंडी पलंगाच्या बोल्टांचे आटे अनेकदा इंची असतात, नव्या वस्तूंचे मेट्रिक. नळाचे आटे तर आजही ब्रिटिश पाइप-मापाचेच आहेत, म्हणून नवा नळ जुन्या लाइनीवर बसतो. अनुभवी दुकानदार बोल्ट अंगठा आणि तर्जनीत फिरवतो, दुसऱ्या हाताने एक नट चढवून बघतो, आणि मागच्या दोनशे खोक्यांतून बरोबर ते एक खोकं खाली काढतो. वैद्याने नाडी धरावी तसं हे बोटांचं निदान असतं, आणि ते शिकायला वर्षं जातात.

हा माल येतो तरी कुठून? एका काउंटरवर देशाचा अर्धा नकाशा जमा झालेला असतो. कुलपं अलीगढची, पितळी तुकडे जामनगरचे, नट-बोल्ट लुधियानाचे, पाने आणि हातोड्या जालंधरच्या, पक्कड मात्र आपल्या नाशिकच्या टपारियाची. पीव्हीसी पाइप रत्नागिरीतल्या फिनोलेक्सच्या कारखान्यातला किंवा जळगावच्या जैनचा. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपं बनवायला सुरुवात केली. त्यांच्या नावाचं कुलूप आजही या दुकानांच्या भिंतीवर लटकतं. घाऊक माल बहुतेक ठिकाणी मुंबई-पुण्याहून फिरतो. मुंबईत हत्यारं, बेअरिंग आणि बोल्टांसाठी नागदेवी स्ट्रीट, विजेच्या सामानासाठी लोहार चाळ. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. कर्नाक बंदरचा लोखंड बाजार कळंबोलीला हलला त्याला बरीच वर्षं झाली, तरी जुने व्यापारी बोलताना अजून कर्नाक बंदरचंच नाव घेतात.

बोहरी आळीच्या नावातच या धंद्याचा मोठा वाटेकरी आहे. दाऊदी बोहरा समाज मूळचा गुजरातचा आणि पिढीजात व्यापारी. काच, रंग, लोखंडी सामान हा त्यांचा आवडता माल. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बुऱ्हानी, सैफी, हकीमी, ताहेरी अशा नावांची हार्डवेअरची दुकानं दिसतात. मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत वाअज, म्हणजे धार्मिक प्रवचन, ऐकायला जायचं म्हणून यांतली अनेक दुकानं बंद असतात, आणि गावातल्या सुतार-गवंड्यांना ते इतकं ठाऊक असतं की ते लागणारं सामान आधीच उचलून ठेवतात. मारवाडी, कच्छी पटेल आणि मराठी कुटुंबंही या धंद्यात आहेत. प्लायवूड आणि लाकडाच्या बाजूला कच्छी पटेलांचा जोर अधिक. घरात कुणी कुठलीही भाषा बोलो, काउंटरवर मराठी चालते आणि मालाची नावं मिस्त्रीच्या तोंडची असतात. गुण्या, ओळंबा, थापी, पटाशी, रंधा, कानस, गिरमिट हे शब्द आज छापील मजकुरात क्वचित दिसतात. या दुकानात ते रोज सकाळी नऊच्या गर्दीत ऐकू येतात.

ही सकाळची गर्दी समजून घेतल्याशिवाय या दुकानाचं अर्थकारण कळत नाही. युरोप-अमेरिकेत घरमालक स्वतः करवत आणि ड्रिल घेऊन कामाला लागतो, म्हणून तिथे हार्डवेअरची अवाढव्य दालनं उभी राहिली. आपल्याकडे घरमालक मिस्त्रीला बोलावतो. मिस्त्री त्या दिवसाच्या कामापुरतं सामान त्या दिवशी सकाळी उचलतो: चार किलो खिळे, दोन टी, एक युनियन, टेफ्लॉन टेपची दोन रिळं, लांबीची पिशवी. पैसे बहुधा लगेच देत नाही. “साहेबांच्या खात्यावर लिहा शेठ,” म्हणतो आणि निघतो. काम संपलं की उरलेले नग परत येतात, वहीतून वजा होतात. सहा एल्बो नेले, चार लागले, दोन परत. बिलाशिवाय, फॉर्म न भरता, केवळ चेहऱ्याच्या ओळखीवर माल परत घेणं ही साधी सोय नाही. छोट्या कंत्राटदाराचं सगळं काम या सोयीवर उभं असतं. त्याच्याकडे भांडवल नसतं, कोठार नसतं. गल्लीतलं दुकान हेच त्याचं कोठार आणि तीच त्याची बँक.

मोठ्या कंपन्यांनाही हे फार पूर्वी उमगलं. १९५९ साली फेविकॉल बाजारात आलं तोवर सुतार जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनवलेला सरस विस्तवावर वितळवून वापरत. दुर्गंधी, धूर आणि थंड झाला की पुन्हा तापवणं. पांढरा, थंड, तयार डिंक त्यांच्या हाती देताना कंपनीने सुताराला आपलं गिऱ्हाईक मानलं आणि त्याच्याकडे जाणारी वाट हार्डवेअरच्या दुकानातूनच होती. रंगाची गोष्ट थोडी वेगळी. १९४२ साली मुंबईत सुरू झालेल्या एशियन पेंट्सचा हातात ब्रश धरलेला गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये रेखाटला, आणि पुढे कित्येक दशकं तो छोट्या दुकानांच्या पाट्यांवर राहिला. त्या काळात दुकानदाराला प्रत्येक छटेचा वेगळा डबा ठेवावा लागे. काही छटा वर्षानुवर्षं पडून राहत. मग रंग मिसळणारं यंत्र आलं. आता पांढऱ्या बेसमध्ये यंत्र थेंबाथेंबाने रंगद्रव्य सोडतं आणि तालुक्याच्या गावातला दुकानदारही हजारावर छटा देऊ शकतो. बाहेरून जुनाट दिसणाऱ्या या धंद्याने नवं तंत्र असं वेळोवेळी शांतपणे आत घेतलं आहे.

दुकानाला ऋतूही असतात. कोकणात पावसाळ्याआधीच्या आगोटीच्या खरेदीत तांदूळ-मिरचीबरोबर ताडपत्री, पन्हळीचं सामान, गंजरोधक रंग आणि लांब खिळेही येतात. पावसाळा मध्यावर आला की दारं फुगतात, बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले पडतात आणि गणपतीच्या आधी पंधरा दिवस चुना, रंग, ब्रश, बल्बच्या माळा यांची झुंबड उडते. खंडेनवमीला सुतार-लोहार हत्यारं पूजतात, त्याआधी नवी पटाशी किंवा नवा हातोडा घेण्याची रीत अनेक जण पाळतात. मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात हेच दुकान निम्मं शेतीचं असतं. विळे, खुरपी, कोयते, बाइंडिंग तार, कुंपणाची काटेरी तार, ठिबकच्या सोळा मिलिमीटर नळीचे जॉइनर आणि एंड कॅप. रब्बीत आठवडी बाजाराच्या दिवशी शेतकरी येऊन सांगतो, मोटार फिरते पण पाणी उचलत नाही. दुकानदार आधी फूट व्हॉल्व्ह काढून बघायला सांगतो, कारण विहिरीतला पाला त्याच्या झडपेत अडकला असेल तर पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि पंप कोरडा फिरतो. शेतीची वीज ठरावीक तासच असते. त्या तासांत मोटार बंद राहिली तर पाण्याची पाळी गेली. अशा वेळी तालुक्याच्या ठिकाणी तो व्हॉल्व्ह आज मिळणं आणि चार दिवसांनी पार्सलने येणं यांत पिकाचा फरक असतो.

या दुकानांचं कौतुक करताना त्यांचे दोष झाकले, तर वाचकाचा तोटा होईल. मिस्त्रीचं कमिशन ही उघडी गोष्ट आहे. काही दुकानदार मिस्त्रीला टक्के देतात, ते शेवटी घरमालकाच्या बिलात येतात. रंगाच्या डब्यात रंगाऱ्यासाठी कंपनीचं टोकन असतं, त्यामुळे रंगारी कधी कधी भिंतीपेक्षा टोकन बघून रंग सुचवतो. नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर फिरवून विकलेला नकली माल काही दुकानांत राजरोस असतो. आणखी एक जुनी खोड म्हणजे बाईमाणूस समोर उभी असताना तिच्या खांद्यावरून तिच्या नवऱ्याला उत्तर देणं. आज घराची दुरुस्ती अंगावर घेऊन करून घेणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. त्यांना नीट उत्तर न देणारा दुकानदार आपलं गिऱ्हाईक स्वतःच दुसरीकडे पाठवतो.

यावर उपाय आहेत आणि ते सोपे आहेत. विजेच्या वायरीवर, स्विचवर, सॉकेटवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघूनच माल घ्यावा. चिन्हाशेजारी सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो; भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो टाकला की परवाना कुणाचा आहे ते दिसतं. बिल मागावं. बिल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नकली माल द्यायला दुकानदार कचरतो. आणि मोठं काम असेल तर मिस्त्रीबरोबर एकदा स्वतः दुकानात जावं.

आता या दुकानांच्या भवितव्याच्या चिंतेकडे. दहा मिनिटांत घरपोच माल देणारी ॲप शहरांत बल्ब, चिकटपट्टी, स्क्रूड्रायव्हरचा संच, कुलूप आणि एक्स्टेन्शन बोर्ड विकू लागली आहेत. यात वाईट काही नाही, रात्री अकराला बल्ब गेला तर ती सोय मोलाचीच. पण हार्डवेअरच्या दुकानाचं गणित विचित्र असतं. तिथे खोक्यांत असा पुष्कळ माल पडून असतो जो वर्षातून एखाद्या वेळी विकला जातो: जुन्या मापाचा युनियन, लाकडी खिडकीची पितळी खिटी, इंची आट्याचा बोल्ट. त्या मालात पैसा अडकून पडतो, त्यावर व्याजही चढतं. तो परवडतो तो रोज खपणाऱ्या मालाच्या जिवावर. बल्ब, टेप, फेविकॉल, रंग आणि कुलपं यांचा नफा त्या एका बोल्टाला सांभाळतो. ॲप फक्त भरभर खपणारा माल उचलतं, बोल्टाला हात लावत नाही. भरभर खपणारा माल दुकानातून गेला की बोल्ट ठेवणं परवडत नाही. तो एकदा गेला की घराघरातल्या जुन्या वस्तू दुरुस्त होणं थांबतं आणि त्या भंगारात जातात.

दुरुस्तीला दुसऱ्या बाजूनेही घेरलं जात आहे. नव्या पाव फेऱ्याच्या नळांत रबरी वॉशर नसतो, सिरॅमिक चकत्यांचा कार्ट्रिज असतो. तो चांगला टिकतो, पण त्याची लांबी आणि टोकावरचे दाते कंपनीगणिक वेगळे. दुकानदाराने किती कंपन्यांचे कार्ट्रिज ठेवायचे? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टल सुरू केलं. भर शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनांवर आहे. त्यात नळ आणि दाराच्या कुलपासारख्या साध्या वस्तूंचे सुटे भागही यायला हवेत, कारण सामान्य घरात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा बिघडतात त्या याच.

जागेचा प्रश्न वेगळाच. मुंबई-पुण्यातल्या जुन्या चाळी आणि वाडे पाडून नव्या इमारती उठतात, तेव्हा पागडीवरच्या दुकानदाराला नवा गाळा मिळतो. पण लोखंडी पाइप सहा मीटर म्हणजे वीस फूट लांब असतो. जुन्या दुकानात तो पोटमाळ्यापासून फुटपाथपर्यंत तिरका राहायचा, दारातच कापून त्यावर आटे पाडून मिळायचे. काचेच्या दर्शनी भागाच्या गाळ्यात त्याला जागा नाही, आणि त्या आवाजाला सोसायटीची परवानगी नाही. काही दुकानदार मग फक्त नळ आणि शोभेच्या मुठी ठेवतात. मुलं इंजिनिअर होऊन परगावी गेलेली, आणि मालाची नावनिशी वडिलांच्या डोक्यात.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगाचा आहे. तिथे होम डेपो ही कंपनी १९७८ साली स्थापन झाली आणि तिच्या भव्य दालनांपुढे गल्लीतली दुकानं टिकणार नाहीत असं वाटू लागलं. पुष्कळ दुकानं बंद पडली, पण हजारो टिकली, ती एकत्र येऊन. शिकागोच्या काही दुकानदारांनी १९२४ साली सुरू केलेली ‘एस हार्डवेअर’ ही खरेदी-संस्था १९७०च्या दशकात दुकानदारांच्याच मालकीची झाली. ती घाऊक भावात एकत्र माल घेते, आणि दुकानं मात्र ज्याची त्याची राहतात. ‘ट्रू व्हॅल्यू’ हे त्याच वाटेवरचं दुसरं जुनं नाव पुढे दुकानदारांच्या हातून गुंतवणूकदारांकडे गेलं, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीत निघालं, आणि ते विकत घेतलं ‘डू इट बेस्ट’ या दुकानदारांच्याच सहकारी संस्थेने.

साखरेपासून दुधापर्यंत सहकार उभा केलेल्या महाराष्ट्रात हार्डवेअरच्या दुकानदारांनी हे करून बघायला हरकत नसावी. एका शहरातली वीस दुकानं एकत्र खरेदी करू लागली तर ॲपच्या भावाशी त्यांना झुंजता येईल. आणि वर्षातून एकदा खपणारा माल प्रत्येकाने ठेवण्याऐवजी तो कुणाकडे आहे याची एक सामाईक यादी मोबाइलवर ठेवता येईल. वडिलांच्या डोक्यातली नावनिशी लिहून काढायचं काम त्या निमित्ताने होईल आणि ते लांबणीवर टाकण्यासारखं नाही.

वाचकाने करायच्या गोष्टी थोड्या आहेत. दुकानात जाताना तुटलेला तुकडा बरोबर न्यावा, निघत नसेल तर शेजारी पट्टी किंवा नाणं धरून त्याचा फोटो काढावा. पाइपावर आणि नळावर छापलेली अक्षरं टिपून घ्यावीत. सकाळी नऊ ते साडेदहा ही मिस्त्रींची वेळ असते. निवांत सल्ला हवा असेल तर दुपारी जावं. आणि दुकानदाराकडून सल्ला घेऊन तोच माल दहा रुपये स्वस्त म्हणून फोनवर मागवू नये. घरातला बल्ब, इन्सुलेशन टेप, कुलूप, दिवाळीच्या रंगाचा डबा या चार गोष्टी तरी जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातूनच घ्याव्यात.